सारीपाट ते व्हिडिओ गेम : खेळांच्या जाहिरातींतील स्त्रीपुरुषभेद

बारामती म्हटलें म्हणजे आमच्या वाचकांस बाबूजी नाईक व मोरोपंत आठवावयाचे, आणि इंदापूर म्हटलें कीं मालोजीराजे भोसले. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकीं कोणीहि नाहीं. ज्या कागदास दप्तरांत जागा मिळत नाहीं त्या कागदाविषयीं, म्हणजे खेळांच्या जाहिरातींविषयीं, येथें लिहावयाचें आहे. व्हिडिओ गेम हा मुलग्यांचा खेळ, मुलींस त्यांत गोडी नाहीं, असें सर्रास म्हणण्यांत येतें. हा भेद स्वभावसिद्ध आहे कीं कोणीं घडविला, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेंतला आहे.

जुनें साधन प्रथम पाहूं. बारामती व इंदापूर या बाजूच्या माळरानांवरील धनगरांचें जेजुरीच्या खंडोबाशीं नातें जुनें आहे. खंडोबा व म्हाळसा सारीपाट खेळले, देव हरला, आणि पणाप्रमाणें बारा वर्षें घर सोडून बाणाईच्या बापाकडे मेंढरें राखूं लागला, ही कथा प्रसिद्ध आहे. देव मुद्दामच हरला असेंहि सांगतात. बाणाईवर मन गेल्यावर दुसरा उपाय काय! कथा हा आचाराचा अस्सल पुरावा नव्हे, हें मान्य. परंतु बायको पटावर बसते व नवऱ्यास जिंकते यांत ऐकणारांस कांहीं वावगें वाटलें नाहीं, एवढें तीवरून निश्चित म्हणतां येतें. उलट, महाभारतांतील द्यूतसभेंत द्रौपदी खेळणारी नसून पणास लावलेली वस्तु आहे. हीं दोन्ही चित्रें आमच्याकडे शेजारीं शेजारीं नांदलीं.

व्हिडिओ गेमचा आरंभहि केवळ मुलग्यांसाठीं झालेला नाहीं. १९८० सालीं जपानांत तोरू इवातानी यानें ‘पॅक-मॅन’ हा खेळ रचला, तो स्त्रियांनीं खेळघरांत यावें हा हेतु मनांत धरूनच. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंत या व्यापाराचें दिवाळें वाजलें व दुकानदार असलीं यंत्रें घेईनात. तेव्हां निंटेंडो या जपानी कंपनीनें १९८५ पासून आपलें यंत्र एका रोबोच्या जोडीनें खेळणें म्हणून विकावयास काढलें. खेळण्यांच्या दुकानांत मुलग्यांचीं फडताळें निराळीं व मुलींचीं निराळीं. माल कोठें तरी एके ठिकाणीं मांडणें प्राप्त होतें, आणि तो मुलग्यांकडे मांडला गेला. १९८९ सालीं त्याच कंपनीनें हातांत धरावयाच्या यंत्रास ‘गेम बॉय’ असें नांवच दिलें. बाजाराची सोय आधीं झाली. मुलींस गोडी नाहीं हा सिद्धांत मागाहून आला, असें आमचें मत आहे.

आमच्याकडे मोबाइल फोन आल्यावर प्रकरणास निराळें वळण लागलें. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें आणि पैशांचे खेळ खेडोपाडीं पोंचले. २०२० सालीं ‘ड्रीम ११’ ही मुंबईची कंपनी आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली. अशा जाहिरातींत पुरुष क्रिकेटपटू पुढें असत आणि भर ‘कौशल्य’ या शब्दावर असे. या शब्दामागें न्यायालय आहे : रमी हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला होता. कायद्यांतील शब्द जाहिरातींत शिरतांच त्यास कर्तबगारीचा रंग चढला. जाहिरातींची मानकें ठरविणाऱ्या मुंबईच्या ‘एएससीआय’ या संस्थेनें डिसेंबर २०२० पासून नियम केले, त्यांत असा खेळ उपजीविकेचें साधन म्हणून दाखवूं नये व खेळणारा इतरांहून अधिक यशस्वी आहे असें सुचवूं नये, हीं कलमें आहेत. मनाई कशाची झाली हें पाहिलें म्हणजे चालत काय होतें हें कळतें. जुन्या ताकीदपत्रांचें वाचन आपण असेंच करतों. स्त्रीपुरुषांच्या ठराविक प्रतिमांविषयींचे नियम त्याच संस्थेनें जून २०२२ मध्यें काढले. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांस व त्यांच्या जाहिरातींसहि बंदी केली.

याच पुणें जिल्ह्यांत उलट उदाहरणहि घडलें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. यांत राजी नांवाची मुलगी असुरांनीं नेलेल्या आपल्या भावास सोडविण्यास निघते. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळांत पुरुष निघतो व स्त्री वाट पाहत राहते. येथें पट फिरला आहे, आणि जाहिरातीच्या चित्रांतहि पुढें राजीच उभी आहे. म्हाळसेच्या मुलखास हें नवल वाटूं नये.

आतां संग्राहकांस एक सूचना. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें वांचविलीं, कारण तीं निदान कागदावर होतीं. फोनवरील जाहिरात दिसते व नाहींशी होते. शिवाय ती पाहणारागणिक बदलते. इंदापुरांतील एकाच घरांत भावास एक व बहिणीस दुसरी दिसूं शकते, आणि दोघांसहि दुसऱ्याची ठाऊक नसते. अशा साधनाची एक प्रत पुरेशी नाहीं, जोडीनेंच घ्यावी. टीव्हीस जोडावयाच्या जुन्या खेळयंत्रांच्या पेट्या कोणाच्या माळ्यावर पडून असतील तर त्यांवरील चित्र फाडूं नये. दुकान, गांव व साल मागील बाजूस पेन्सिलीनें लिहून ठेवावें. फोनवरील जाहिरातीचें छायाचित्र घेतल्यास दिनांकाबरोबर तो फोन स्त्रीचा कीं पुरुषाचा, आणि वय काय, हेंहि टिपावें. नांवाची गरज नाहीं.