आयरिश नौसेना

आयर्लंड प्रजासत्ताकाच्या संरक्षण दलांची सागरी शाखा. स्थापना १ सप्टेंबर १९४६. मुख्य तळ कॉर्क बंदरातील हॉलबोलिन बेटावर आहे. या नौसेनेजवळ पाणबुड्या, विनाशिका वा क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका नाहीत. तिचा सर्व ताफा गस्ती नौकांचा आहे. देशाचे भूक्षेत्र सु. ७०,००० चौ. किमी. असले, तरी त्याच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील समुद्र सु. ४ लाख चौ. किमी. आहे. तटस्थ व छोट्या राष्ट्राने एवढ्या विस्तृत सागराचे रक्षण कसे करावे, हा या नौसेनेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

इतिहास : १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहानुसार आयर्लंडचे सागरी संरक्षण ब्रिटनकडेच राहिले. नव्या राज्याला फक्त जकात व मत्स्यक्षेत्र यांच्या रक्षणापुरत्या नौका बाळगण्याची मुभा होती. १९२३ मध्ये उभारलेली किनारी सेवा पुढच्याच वर्षी बरखास्त झाली आणि ‘मुर्खू’ ही एकच नौका उरली. हीच नौका पूर्वी ‘हेल्गा’ या नावाने ब्रिटिशांकडे होती व १९१६ च्या ईस्टर उठावात तिने डब्लिन शहरावर तोफा डागल्या होत्या. ज्या नौकेने उठाव मोडण्यास हातभार लावला, तीच स्वतंत्र राज्याची पहिली रक्षक ठरली.

तहान्वये ब्रिटनने स्वतःकडे ठेवलेली कॉर्क, बेअरहेव्हन व लॉख स्विली ही बंदरे १९३८ मध्ये आयर्लंडला परत मिळाली. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. तटस्थ राहावयाचे, तर बंदरांवर व प्रादेशिक जलावर स्वतःचा ताबा दिसणे आवश्यक होते. कारण ज्या किनाऱ्याची राखण होत नाही, तो युद्धमान राष्ट्रांना मोकळाच असतो. म्हणून घाईघाईने सागरी व किनारा-टेहळणी सेवा उभारण्यात आली. तिच्यासाठी ब्रिटनकडून सहा मोटर टॉर्पेडो नौका घेण्यात आल्या व किनाऱ्यावर ८० हून अधिक टेहळणी ठाणी बसविण्यात आली. या अनुभवातूनच युद्धानंतर कायमस्वरूपी नौसेना स्थापन झाली.

नव्या नौसेनेसाठी ब्रिटनकडून ‘फ्लॉवर’ वर्गातील तीन कॉर्व्हेट विकत घेण्यात आल्या. आयरिश पुराणकथांतील स्त्रियांवरून त्यांना ‘माखा’, ‘मेव्ह’ व ‘क्लीना’ ही नावे दिली गेली आणि नामकरणाची ही प्रथा पुढे अनेक दशके टिकली. १९४८ मध्ये कवी विल्यम बटलर येट्स यांचे अवशेष फ्रान्सहून मायदेशी आणण्याचे काम ‘माखा’ने केले. या नौका मुळात महायुद्धकालीन होत्या व त्यांची वेळेवर बदली झाली नाही. १९७० पर्यंत त्यांपैकी दोन निकामी ठरल्या आणि नौसेना जवळजवळ नौकाहीन झाली. १९७१ मध्ये ब्रिटनकडून सुरुंग काढणाऱ्या तीन जुन्या नौका घेऊन ही उणीव तात्पुरती भरून काढण्यात आली.

कार्य : मत्स्यक्षेत्राचे रक्षण हे नौसेनेचे दैनंदिन व प्रमुख कार्य आहे. १९७३ मध्ये आयर्लंड यूरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला व १९७७ मध्ये मत्स्यक्षेत्राची मर्यादा २०० सागरी मैलांपर्यंत वाढली. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या गस्तीऐवजी खुल्या अटलांटिक महासागरात आठवडेच्या आठवडे राहण्याची जबाबदारी येऊन पडली.

शस्त्रास्त्रे व अमली पदार्थ यांच्या तस्करीस आळा घालणे, हे दुसरे कार्य होय. लिबियाहून शस्त्रे आणणारे ‘क्लॉडिया’ जहाज १९७३ मध्ये व सु. ७ टन शस्त्रे आणणारी ‘मरिटा ॲन’ ही मासेमारी नौका १९८४ मध्ये नौसेनेने पकडली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मॅथ्यू’ या मालवाहू जहाजावरून २ टनांहून अधिक कोकेन जप्त झाले. या कारवाईत जहाजाला इशाऱ्याच्या गोळ्या झाडणाऱ्या गस्ती नौकेचे नाव ‘विल्यम बटलर येट्स’ असे होते.

शोध व बचाव या कार्याचा भारताशी दुःखद संबंध आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रावर बाँबस्फोटाने कोसळले व त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. ‘ॲशलिंग’ या गस्ती नौकेने घटनास्थळी शोधकार्याचे संयोजन केले आणि तिच्या नाविकांनी लाटांतून मृतदेह बाहेर काढले. २०१५ पासून भूमध्य समुद्रातील मोहिमांत आयरिश नौकांनी १७ हजारांहून अधिक निर्वासितांचे प्राण वाचविले.

ताफ्याचे आधुनिकीकरण : १९७२ मध्ये कॉर्क येथील गोदीत बांधलेली ‘डीर्ड्रा’ ही खास आयर्लंडसाठी तयार झालेली पहिली गस्ती नौका. तिच्या धर्तीवर ‘एमर’, ‘ईफा’ व ‘ॲशलिंग’ या तीन सुधारित नौका निघाल्या. १९८४ मधील ‘एथ्ना’वर हेलिकॉप्टर उतरण्याची सोय होती. मात्र ती त्या गोदीत बांधलेली अखेरची नौका ठरली व पुढील नौका परदेशी बांधाव्या लागल्या. १९८८ मध्ये ब्रिटनकडून ‘ओर्ला’ व ‘कीरा’ या दोन नौका घेण्यात आल्या. १९९९ मध्ये ‘रोशीन’ व २००१ मध्ये ‘नीव्ह’ या सु. ७९ मी. लांबीच्या नौका दाखल झाल्या. २०१४ ते २०१९ या काळात इंग्लंडमधील ॲपलडोर येथे बांधलेल्या ‘सॅम्युएल बेकेट’ वर्गातील चार नौका आल्या. सु. ९० मी. लांबीच्या या नौकांवर ७६ मिमी.ची तोफ असून त्यांचा कमाल वेग सु. २३ नॉट आहे. या वर्गापासून पुराणकथांतील नावांऐवजी साहित्यिकांची नावे देण्यात आली.

जुन्या नौकांपैकी ‘ईफा’ २०१५ मध्ये माल्टाला देण्यात आली. २०१७ मध्ये लिलावात विकलेली ‘ॲशलिंग’ मात्र पुढे लिबियातील एका सशस्त्र गटाच्या हाती पडली. शांततेच्या कार्यासाठी नावाजलेल्या नौकेची ही परिणती वादग्रस्त ठरली.

मनुष्यबळाचा प्रश्न : आधुनिकीकरणाचा खरा अडसर नौकांपेक्षा नाविकांचा आहे. मंजूर संख्या १,०९४ असताना प्रत्यक्ष संख्या ८०० च्याही खाली गेली. अपुरे वेतन, दीर्घ सागरी सेवा व खाजगी उद्योगांचे आकर्षण ही त्याची कारणे सांगितली जातात. २०२२ मध्ये ‘एथ्ना’, ‘ओर्ला’ व ‘कीरा’ एकाच वेळी सेवेतून काढण्यात आल्या, तर २०२३ च्या प्रारंभी आणखी दोन नौका मनुष्यबळाअभावी गस्तीवरून मागे घ्याव्या लागल्या. कमी नाविकांवर चालणाऱ्या दोन किनारी गस्ती नौका न्यूझीलंडकडून घेऊन २०२४ मध्ये ‘ईव्हिन’ व ‘गोबनेट’ या नावांनी त्यांचा ताफ्यात समावेश करण्यात आला.

अटलांटिक महासागरापार जाणाऱ्या अनेक दूरसंचार केबली आयर्लंडलगतच्या सागरतळावरून जातात. २०२२ च्या आरंभी रशियाने आयर्लंडच्या आर्थिक क्षेत्रात आरमारी सराव जाहीर केला. आयरिश मच्छीमारांच्या विरोधानंतर तो क्षेत्राबाहेर हलविण्यात आला. परंतु पाण्याखालील हालचाली टिपण्याचे साधन देशाजवळ नाही, हे त्या निमित्ताने उघड झाले. त्याच वर्षी संरक्षण आयोगाच्या अहवालानंतर शासनाने संरक्षणखर्च २०२८ पर्यंत दीड अब्ज यूरोवर नेण्याचे ठरविले. २०२५ मध्ये पाण्यातून ओढून नेता येणाऱ्या सोनार यंत्रणेसाठी करारही झाला. तटस्थता जाहीर करणे सोपे असते. ती पाळण्यासाठी आपल्या समुद्रात काय चालले आहे, हे प्रथम स्वतःस कळावे लागते. १९३९ चा हा धडा आयरिश नौसेनेला नव्या साधनांनिशी, पण तुटपुंज्या मनुष्यबळावर, पुन्हा गिरवावा लागत आहे.