सफरचंदाची साल आणि मधुमेह

चरकसंहितेत प्रमेहाची जी पूर्वलक्षणे सांगितली आहेत त्यांत, रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आणि भुंगे धाव घेतात, असे एक आहे. साखर ओळखण्याची याहून स्वस्त रीत मनुष्याला पुढे कित्येक शतके सापडली नाही. मूत्रात माधुर्य उतरले की देह क्षीण होणार, ही समजूत वैद्यांच्या मनात पक्की रुजली. मुद्दाम मूत्रावाटे साखर घालवून मधुमेहाशी झुंजावे, ही कल्पना सुचणे त्यामुळे कठीणच होते. ती सुचविली सफरचंदाच्या झाडाने.

१८३५ साली बेल्जियममध्ये द कोनिंक आणि स्तास या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य वेगळे केले. सिंकोना कडू आणि तापावर गुणकारी. तेव्हा हेही तापावर चालेल, एवढाच त्या काळचा तर्क. १८८६ मध्ये जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिले, तेव्हा त्यांच्या मूत्रातून साखर वाहू लागली. मधुमेहच जडला असे वाटावे. परंतु रक्तातील साखर मुळीच चढलेली नव्हती.

या कोड्याचा उलगडा मूत्रपिंडात होता. निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सगळी साखर रक्ताला परत करतात. मधुमेहात हा परतावा आणखी वाढतो. साखरेबरोबर मीठही ओढले जाते, गाळणीवरील दाब चढतो, आणि तो वर्षानुवर्षे सोसून ती झिजते. फ्लोरिझिन नेमकी ही परतीची वाट अडविते. १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मधुमेही उंदरांना ते देऊन त्यांच्या रक्तातील साखर खाली आणून दाखविली.

म्हणून सालीचा काढा प्यावा काय? मुळीच नाही. पोटात गेलेले फ्लोरिझिन बहुतेक आतड्यातच फुटून जाते, आणि जुलाब तेवढे लागतात. शिवाय वनस्पती म्हटली की निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी त्याच बेल्जियममधील दुसरी हकीगत ध्यानी घ्यावी. सडपातळ होण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. दोष अरिस्टोलोकियाचा निघाला. तिच्याच कुळातील ईश्वरी भारतातही उगवते.

रसायनशास्त्रज्ञांनी फ्लोरिझिनची घडण बदलून आतड्यात टिकणारी द्रव्ये बनविली. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनला २०१२ साली युरोपात परवानगी मिळाली. खरी कसोटी पुढे लागली. मूत्रपिंडांना इजा झालेल्या ४,४०१ मधुमेही रुग्णांवर कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला: मूत्रपिंडे निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे, मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, या सर्वांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला होता. या गोळ्या घेणाऱ्याच्या मूत्रात साखर उतरते, आणि तेथे मुंग्या जमल्या तर त्याला घाबरण्याचे कारण नसते.