दोरी ओढणारा हात

पत्रिकेवर आजचा विषय 'सतत सुधारणा आणि कामगारांचा सहभाग' असा छापलाय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचं इथे काय काम, असं काहींना वाटेल. पण मला त्यात एक जुनाच प्रश्न दिसतो. मजुरी दिली की हात मिळतात. डोकं कधी मिळतं?

१९११ साली फ्रेडरिक टेलरने कारखान्याच्या शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं. कामगार मुद्दाम हळू काम करतो, याचं पहिलं कारण त्याने असं दिलं: आपण भराभर काम केलं तर आपलेच भाईबंद बेकार होतील अशी त्याला धास्ती असते. टेलरच्या मते हा कामगारांचा गैरसमज. गैरसमज म्हणे!

मुंबईच्या गिरणगावात १९२८ साली काय झालं बघा. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी योजना काही गिरण्यांनी आणली. तीन जणांचे सहा माग दोघांत भागले, मग तिसऱ्याने जायचं कुठे? हा हिशेब करायला शाळा लागत नाही. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते.

त्याच सुमारास जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग चालू झाला होता. १९२४ सालचा. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्यामुळे प्रत्येक मागापाशी माणूस पहारा देत बसायची गरज नव्हती. कापडात दोष पुढे सरकू द्यायचा नाही, आधी थांबायचं, हे तत्त्व पुढे त्यांच्या मुलाने, किइचिरो यांनी काढलेल्या मोटार कंपनीत गेलं. यंत्र थांबवणं सोपं असतं हो. कामगाराने 'थांबा, इथे चूक आहे' म्हणणं अवघड, कारण चूक दाखवणाऱ्यावरच ती शेकते.

आणि टोयोटाचीही सुरुवात विश्वासाने झाली नाही, हे व्यवस्थापनाची पुस्तकं घाईघाईत उरकतात. १९४९ च्या मंदीत युनियनने पगारकपात मान्य केली, कोणाला काढणार नाही या शब्दावर. काही महिन्यांत कंपनीने तो शब्द मोडला. १९५० च्या वसंतात संप झाला. दीड हजारांहून अधिक माणसं बाहेर पडली आणि खुद्द किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडलं. माझ्या मते पुढच्या सगळ्याची किल्ली इथे आहे. माणसं गेली तेव्हा मालकही गेला. कामगारांकडून सूचना मागवायची योजना आली ती त्यानंतर, १९५१ साली. युनियन आणि कंपनीचा परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा यायला तर १९६२ उजाडलं.

आता कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. १९८२ ला बंद पडला. १९८४ च्या अखेरीस टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, बहुतेक माणसंही तीच. फरक म्हणजे डोक्यावर एक दोरी. अडचण आली की कोणीही ओढावी. गटप्रमुख धावत येतो आणि 'कोणी केलं?' न विचारता 'काय झालं?' विचारतो. पण दोरीपेक्षा मला १९८५ चा करार महत्त्वाचा वाटतो. कामगारकपातीची वेळ आलीच, तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कमी करायचे, बाहेर दिलेली कामं आत आणायची, असं त्यात लिहिलं होतं. पुढे गाड्यांची मागणी घटली तेव्हा कोणालाही घरी पाठवलं नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं.

जनरल मोटर्सने दक्षिणेला व्हॅन नाय्सच्या कारखान्यातही हीच पद्धत आणायचा प्रयत्न केला. दोरी बसवता येते. पण वरिष्ठांना शाबासकी निघालेल्या गाड्यांच्या आकड्यावर मिळत असेल, तर ती ओढायची कोणाची छाती होणार? तो कारखाना १९९२ ला बंद झाला.

टोयोटाला मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. पत्रकार सातोशी कामाता १९७२ मध्ये तिथे हंगामी कामगार म्हणून राबले आणि पट्ट्याच्या वेगाने माणूस कसा पिळला जातो ते त्यांनी लिहून ठेवलं. परस्परविश्वासाचा तो जाहीरनामा कायम कामगारांचा होता. हंगामी माणसाला त्यात जागा नव्हती. फ्रीमाँटमधून २००९ ला जनरल मोटर्स बाहेर पडली, २०१० ला टोयोटानेही दार लावलं. साडेचार हजारांहून जास्त माणसं होती तेव्हा तिथे.

वेळ संपत आलीय. प्रश्न घेऊ या.