अमेरिकन सॉकर : गांव, मैदान आणि धनी

युरोपांतील फुटबॉलचा एखादा लहानसा संघ खालच्या वर्गांत विजय मिळवीत मिळवीत वरच्या वर्गांत चढूं शकतो, आणि मोठा संघ हरत गेला तर त्याला खालीं उतरावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही वाट नाहीं. तेथें या खेळास सॉकर म्हणतात. आणि त्याच्या सर्वांत वरच्या स्पर्धेंत, म्हणजे मेजर लीग सॉकरमध्यें, नव्या संघाचा प्रवेश मैदानावरील पराक्रमानें होत नाहीं. आधींच्या मालकांनीं गांव पसंत करावें, धनी पारखावा, प्रवेशशुल्क ठरवावें, आणि मग संघ जन्मास यावा, असा तेथील रिवाज आहे. खेळाडू कोण, हा प्रश्न सर्वांत शेवटीं येतो.

या रिवाजाचा विलक्षण अनुभव सेंट लुई शहरास आला. मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेलें हें शहर म्हणजे अमेरिकन सॉकरचें जणूं माहेरघरच. ता. २९ जून १९५० रोजीं जागतिक स्पर्धेंत अमेरिकेनें बलाढ्य इंग्लंडला एका गोलानें हरविलें, तेव्हां मैदानांत उतरलेल्या अकरा जणांपैकीं पांच जण याच शहराचे होते. तेथील विद्यापीठानें १९५९ ते १९७३ या काळांत राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद दहा वेळां मिळविलें. असें असूनही १९९६ सालीं मेजर लीगचे सामने सुरू झाले तेव्हां सेंट लुईला संघ मिळाला नाहीं, आणि त्या शहराचा संघ मैदानांत उतरावयास पुढें सत्तावीस वर्षें जावीं लागलीं. असें कां झालें हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मेजर लीगच्या आधीं नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग या नांवाची संस्था होती. ती १९६८ सालीं सुरू झाली. १९७५ सालीं ब्राझीलचा पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघांत आला आणि सामन्यांना लोकांची रीघ लागली. यशाच्या भरांत चालकांनीं फारशी पारख न करतां नवे संघ घेतले. १९७८ सालीं संघांची संख्या एकदम अठरावरून चोवीसवर गेली. परंतु पुष्कळ मालकांजवळ वर्षानुवर्षें तोटा सोसण्याची ताकद नव्हती, आणि बरेच संघ दुसऱ्या खेळांच्या अवाढव्य प्रेक्षागारांत भाडेकरू म्हणून राहत होते. १९८४ सालीं नऊच संघ उरले, आणि त्या हंगामानंतर लीगच बंद पडली.

या अनुभवाची धास्ती नव्या लीगच्या घटनेंत स्पष्ट दिसते. १९९४ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेस देतांना तेथें राष्ट्रीय लीग पुन्हां उभी राहावी अशी अट होती. त्याप्रमाणें स्थापन झालेल्या मेजर लीगनें सर्व संघ आणि खेळाडूंचे करार लीगच्याच मालकीचे ठेवले. पैसे घालणाऱ्या धनिकास लीगमध्यें भाग आणि एक संघ चालविण्याचा हक्क मिळे. महाराष्ट्रांतील जुन्या एकत्र कुटुंबासारखीच ही व्यवस्था होती : कर्तेसवरते पुष्कळ, पण तिजोरी एक. अशा घरांत नवा भाऊबंद घ्यावयाचा तर त्याची ऐपत पाहणें आलेंच. कारण तो बुडाला तर झळ सर्वांना लागावयाची.

तरीही पहिलीं वर्षें कठीण गेलीं. दहा संघांच्या या लीगमध्यें १९९८ सालीं शिकागो आणि मायामी यांची भर पडली. पण टॅम्पाच्या संघाला स्थानिक धनी कधीं लाभलाच नाहीं, आणि मायामीचा संघ शेजारच्या फोर्ट लॉडरडेल येथें खेळूनही तोट्यांत राहिला. २००१ च्या हंगामानंतर दोन्ही संघ मोडण्यांत आले. उरलेल्या दहांपैकीं सहा संघांचा भार त्या वेळीं फिलिप अँशुट्झ या एकाच धनिकाच्या शिरावर होता.

या अंधारांत एक दिवा कोलंबस शहरांत लागलेला होता. तेथील मतदारांनीं १९९७ सालीं क्रीडांगणासाठीं कर देण्याचें नाकारलें, तेव्हां लामार हंट यांनीं स्वतःच्या पैशांनीं सॉकरपुरतें बेताचें मैदान बांधलें आणि १९९९ सालीं तें खुलें केलें. घर पहावें बांधून, ही म्हण त्यांच्या कानीं गेली नसेल; पण तिचा अर्थ त्यांना पुरता कळला होता. भाडेकरू संघाला मोटारतळ, उपाहारगृहें आणि जाहिराती यांचें उत्पन्न दुसऱ्याच्या पदरीं जातांना पाहावें लागतें. सामन्यांच्या तारखाही घरमालकाच्या सोयीनें ठरतात. तेव्हांपासून लीगच्या पारखण्यांत धन्याच्या जोडीला मैदानाचा प्रश्न येऊन बसला.

या कसोटीवर सेंट लुई वारंवार उणें पडलें. २००८ सालीं फिलाडेल्फियाची निवड झाली. तेथें संघ नसतांनाच पाठीराख्यांनीं आपलें मंडळ स्थापन केलें होतें. पण त्यांच्या उत्साहाबरोबर मैदानासाठीं सरकारी मदतही उभी राहिली. त्याच सुमारास सेंट लुईचा प्रयत्न चालू होता. मैदानाचा आराखडा होता, परंतु भांडवलाचें पाठबळ अपुरें पडलें. दरम्यान शुल्क वाढतच गेलें. टोरोंटोनें २००७ सालीं प्रवेश केला तो एक कोटि डॉलरांत, सिअ‍ॅटलनें २००९ सालीं तीन कोटींत. आणि २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाला दहा कोटि मोजावे लागले.

जानेवारी २०१७ मध्यें बारा शहरांनीं अर्ज केले. त्यांत सेंट लुई होतें. मैदानासाठीं सहा कोटि डॉलर सार्वजनिक करांतून द्यावे कीं नाहीं, याचा कौल एप्रिलमध्यें नागरिकांना विचारला गेला, आणि त्यांनीं नकार दिला. सॉकरवरील प्रेम आटलें म्हणून हा नकार आला असें नव्हे. शहरांत असलेला अमेरिकन फुटबॉलचा रॅम्स संघ आदल्याच वर्षीं लॉस एंजेलिसला निघून गेला होता, आणि त्याच्यासाठीं बांधलेल्या प्रेक्षागाराचें कर्ज मात्र लोकांच्या डोक्यावर राहिलें होतें. दुधानें पोळलेल्यानें ताकही फुंकून प्यावें, तशी त्यांची स्थिति होती.

त्यांची भीति निराधार नव्हती, हें कोलंबसनें त्याच वर्षीं दाखवून दिलें. हंट घराण्यानंतर तेथें आलेल्या मालकानें ऑक्टोबर २०१७ मध्यें संघ टेक्ससमधील ऑस्टिन येथें नेण्याचा मनोदय जाहीर केला. पाठीराखे रस्त्यावर उतरले. सार्वजनिक मदत घेतलेल्या संघानें गांव सोडण्यापूर्वीं सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना खरेदीची संधि द्यावी, असा ओहायो राज्याचा १९९६ चा कायदा होता. त्याच्या आधारें राज्य आणि शहर न्यायालयांत गेलें. शेवटीं हॅस्लम आणि एडवर्ड्स या कुटुंबांनीं संघ घेतला, आणि जुन्या मालकास ऑस्टिनमध्यें नवा संघ मिळाला. वांचलेल्या कोलंबसनें २०२० आणि २०२३ सालीं विजेतेपद जिंकलें.

सेंट लुईला अखेर धनी मिळाला तो घरांतच. मोटारी भाड्यानें देण्याच्या व्यवसायांत मोठ्या झालेल्या तेथील टेलर कुटुंबानें पुढाकार घेतला, आणि मैदानाच्या खर्चाचा मुख्य भार खासगी पैशांनीं उचलण्याचें ठरविलें. कॅरोलिन किंडल या संघाच्या प्रमुख झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्यें मंजुरी आली, आणि २०२३ सालीं मैदानांत उतरलेल्या संघानें पहिले पांचही सामने जिंकले. नव्या संघानें असा आरंभ त्यापूर्वीं कधीं केला नव्हता.

कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटोची कथा याच्या उलट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें त्याचा प्रवेश मान्य झाला; पण फेब्रुवारी २०२१ मध्यें मुख्य भांडवलदारानें अंग काढून घेतलें आणि सर्व बेत फिसकटला. पुढच्याच वर्षीं त्या शहराच्या खालच्या वर्गांतील संघानें खुल्या राष्ट्रीय स्पर्धेंत मेजर लीगचे तीन संघ हरवून अंतिम सामना गांठला. तरी दार उघडलें नाहीं.

२०२५ सालीं सॅन डिएगो पन्नास कोटि डॉलर भरून तिसावा संघ म्हणून लीगमध्यें आलें. १९८४ ची नामुष्की पुन्हां न यावी म्हणून लावलेली ही कडक चाळण व्यवहाराच्या दृष्टीनें यशस्वी झाली, हें मान्य केलें पाहिजे. पण धनी गांवाला प्रवेश मिळवून देतो. संघ तेथें टिकवून धरतात ते गांवकरी. कोलंबसनें तें सिद्ध केलें. सॅक्रामेंटोजवळ असे गांवकरीही होते आणि खेळणारा संघही. तिसांच्या यादींत मात्र त्याचें नांव नव्हतें.