ताशी चाळीसची गाडी आणि जालन्याचा रस्ता

गेल्या मे महिन्यात अण्णा मोंढ्याजवळ स्कूटरवरून पडले. फार लागलं नाही. गुडघा सोलवटला, मनगट सुजलं. पण वय एकोणसत्तर. घरात लगेच ठराव पास झाला की आता गाडी बंद. मी पुण्याहून आले, तेव्हा स्कूटरची किल्ली आईच्या कपाटात होती आणि अण्णा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

"चारचाकी घेऊ या अण्णा, छोटी. इलेक्ट्रिक," मी म्हणाले.

"मला कुठं मुंबईला जायचंय? चाळीसच्या वर मी आयुष्यात गेलो नाही. चाळीसनं चालणारी गाडी मिळती का बघ."

ते चेष्टेत म्हणाले. मी मात्र शोधत बसले, आणि या साध्या मागणीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे हे कळलं.

आपल्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडी म्हणजे काल-परवाची गोष्ट. खरं म्हणजे १९०० साली अमेरिकेत बनलेल्या जेमतेम चार हजार मोटारींपैकी दीड हजारांहून जास्त विजेवरच्या होत्या. पेट्रोलच्या हजारही नव्हत्या. १९०७ पासून निघालेली 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ताशी तीसेक किलोमीटरनं चालायची आणि शहरात तेवढं पुरायचं. हेन्री फोर्डनं जगाला पेट्रोलची गाडी दिली, पण त्याची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. कारण सोपं होतं. पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर जाऊन हँडल मारावं लागे. हात मोडण्याची भीती असे. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये बटणावर चालणारा स्टार्टर आला. फोर्डच्या गाड्या स्वस्त होत गेल्या, शहरांबाहेरचे रस्ते सुधारले, आणि लांब जाणारी गाडी ती खरी गाडी असं ठरून गेलं.

'लांब आणि जोरात' हे माप तिथून जगभर पसरलं. आपणही तेच उचललं.

तरी आपल्याकडे वेगळा विचार करणारी माणसं होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्वतःच्या डोक्यानं 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली आणि पुढे कित्येक वर्षं ती सुधारत राहिले. ती पेट्रोलवरची होती, पण प्रश्न अण्णांचाच होता: साध्या माणसाला रोजच्या वापराला केवढी गाडी लागते? मीरा कारखान्यात मोठ्या संख्येनं कधी बनलीच नाही.

मग २००१. बंगळुरात चेतन मैनींची 'रेवा' रस्त्यावर आली. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं. लांबी २.६४ मीटर. सहा-सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, म्हणजे साधारण आपल्या इन्व्हर्टरच्या जातीच्या. घरातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर रात्रभर लावली की कंपनीच्या हिशोबानं ८० किलोमीटर. वेग ताशी ६५ च्या आसपास. २००४ पासून हीच गाडी लंडनमध्ये 'जी-विझ' नावानं विकली गेली. तिथं शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचा कर २००३ पासून लागू झाला होता आणि विजेच्या गाडीला त्यातून सूट होती. लोकांनी तिच्या रूपाची थट्टा केली, अपघातात ती टिकेल का यावर वाद झाले. पण रोज तेवढ्याच रस्त्यानं ऑफिसला जाणाऱ्यांना ती परवडली. २०१० मध्ये महिंद्रानं कंपनीतला मोठा वाटा घेतला. २०१३ मध्ये रेवाच्या जागी 'ई-टू-ओ' आली.

त्या काळात जालन्यात रेवा चालली असती का? मला शाळेतली वर्षं आठवतात. दिवसाचे कित्येक तास भारनियमन. पिठाची गिरणी कधी चालू असेल ते पाहून आई डबा पाठवायची. अशा गावात गाडी रात्रभर चार्जिंगला लावायची तर वीज हवी ना! त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, आणि शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. तीनेक वर्षांनी सगळा संच बदलायचा म्हणजे मोठा खर्च.

गाडी हळू का असावी, याचं उत्तर शाळेच्या विज्ञानातच आहे. वेग दुप्पट केला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि हवेचा विरोधही साधारण चौपट. ताशी ८० ऐवजी ४० नं जाणाऱ्या गाडीला लहान मोटर पुरते, लहान बॅटरी पुरते, ब्रेकवर ताण कमी येतो. म्हणून ती हलकी होते आणि स्वस्तही होऊ शकते. वेग कमी करणं हा तिच्यातला दोष नाही, सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

या हिशोबाची पेट्रोल-सीएनजी आवृत्ती आमच्या शेजारीच बनली. जानेवारी २०१२ मध्ये बजाजनं 'आरई-६०' दाखवली, पुढे तिचं नाव 'क्यूट' झालं. २१६ सीसीचं इंजिन, कमाल वेग ताशी ७०, वजन चारशे किलोच्या घरात. कारखाना वाळूजला, म्हणजे जालन्यापासून दीडेक तासावर. पण कायद्यात तिला नावच नव्हतं. रिक्षा म्हणावं तर चार चाकं, मोटार म्हणावं तर फार हलकी. तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा नवा वर्ग करावा लागला. त्याला इतर वाहन कंपन्यांनी विरोध केला, न्यायालयांत याचिका झाल्या. खासगी वापराची वाट २०१८ च्या शेवटी मोकळी झाली. २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात विक्रीला आली, तोवर सात वर्षं गेली होती. गाडी फारशी खपली नाही. मला त्याचं एक कारण ओळखीचं वाटतं. आमच्याकडे गाडी दारात उभी राहते ती लोकांनी बघावी म्हणूनही. रिक्षासारखी दिसणारी मोटार कोण मिरवणार?

रिक्षाला मात्र मिरवायची गरज नव्हती, म्हणून खऱ्या अर्थानं हळू चालणारी वीज तिच्यातून आली. ई-रिक्षा आधी रस्त्यावर आली आणि कायदा मागून धावला. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २०१४ मध्ये ती थांबवली, ऑक्टोबरात केंद्रानं नियम केले: चार प्रवासी आणि कमाल वेग ताशी २५. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तिची नोंद झाली. माथेरानला तर मोटारींना बंदी. तिथं माणसं माणसांना हातरिक्षातून ओढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ताशी २५ हा वेग कुणाला हास्यास्पद वाटेल. छातीनं रिक्षा ओढणाऱ्या माणसाला तो सुटका वाटला असेल.

हे सगळं वाचून मी अण्णांना एक वही दिली. "पडायच्या आधी महिनाभर कुठं कुठं गेला होता, आठवून लिहा." त्यांनी खरंच लिहिलं. मोंढा, बँक, गांधी चमन, स्टेशनवर कुणाला तरी सोडायला, दवाखाना. कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात जाऊन परत यायचं, संपलं. कुठलाच दिवस बारा किलोमीटरच्या वर नाही. यातल्या एकाही कामाला चाळीसच्या वर वेग लागत नाही, आणि गर्दीत तो मिळतही नाही.

एक नोंद सोडून. 'बदनापूर, आक्काकडे.' जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बॅटरीच्या दृष्टीनं किरकोळ. पण तो छत्रपती संभाजीनगरचा हायवे. मागून सळयांनी भरलेला ट्रक ऐंशीनं येतोय आणि पुढे अण्णा चाळीसनं चाललेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझा उत्साह ओसरला.

आमच्या जिल्ह्यातून डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला. वेगमर्यादा ताशी १२०, दुचाकी आणि तीनचाकीला मनाई. ते बरोबरच आहे. पण १२० वाल्यांसाठी स्वतंत्र रस्ता झाला, चाळीसवाल्यांसाठी कुठं झाला? सायकल, बैलगाडी, ई-रिक्षा, शाळेत चाललेली पोरं आणि अण्णा, हे सगळे उरलेल्या रस्त्याच्या कडेला. गाडी सुरक्षित आहे का, असं आपण विचारतो. तिच्या मागून काय येतंय, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा.

म्हणून मी अण्णांना खरं ते सांगितलं. गावात अशी गाडी तुम्हाला उत्तम. डोक्यावर छप्पर, तोल जायची भीती नाही, घरच्या विजेवर चालेल. पुण्याच्या एका कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात 'ईवा' नावाची छोटी गाडी दाखवली, कमाल वेग ७०, छतावर सौर पत्रा. ती किंवा तसली एखादी जालन्यात विकायला आणि दुरुस्तीला मिळाली, तर घेऊ. पण बदनापूरला एसटीनं जायचं.

त्यांनी बराच वेळ विचार केला. "आक्काकडे एसटीनं जाईन. पण दवाखान्यात मला कुणी सोडायला नको."

मी पुण्याला निघाले त्या सकाळी अण्णा टेप घेऊन जिन्याखालच्या बोळाचं माप काढत होते. रेवाची रुंदी १.३२ मीटर होती, हे मी त्यांना सांगितलं होतं. बोळ पाच फूट दोन इंच भरला. भिंतीवर खडूनं रेघ ओढून ते म्हणाले, "आरसे मिटवले की बसती. पंधरा अँपिअरचा पॉइंट इथं घेऊ." स्कूटरची किल्ली अजून आईच्या कपाटातच आहे. ती त्यांनी परत मागितली नाही.