कुंडलची तुफान सेना : कायद्याबाहेरील शासनाचा एक विचार

प्रस्थापित कायद्याबाहेर शस्त्र घेऊन वावरणाऱ्या समूहाला स्वतःच्या कायद्यावाचून फार काळ टिकता येत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीचे अटलांटिक महासागरातील चाचे हे याचे ठळक उदाहरण होय. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरील करारनामा १७२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासात आढळतो. त्यानुसार प्रत्येक खलाशास एक मत होते. कप्तानास लुटीचे दोनच वाटे मिळत आणि सोबत्यांना फसविणाऱ्यास निर्जन किनाऱ्यावर सोडून देण्यात येई. कप्तानाची निरंकुश आज्ञा चाले ती केवळ झुंजीच्या वेळी.

ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस सातारा जिल्ह्यात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. १९४२ च्या आंदोलनातून १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते. त्याचे एक कारण भौगोलिक होते. कुंडल औंध संस्थानात मोडत असे आणि त्याच्या सभोवती ब्रिटिश मुलूख होता. हद्द ओलांडताच अंमल बदले, ही गोष्ट भूमिगतांच्या पथ्यावर पडली. शिवाय औंधमध्ये १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींच्या हाती कारभार दिलेला असल्यामुळे स्वशासनाची कल्पना तेथील रयतेस अपरिचित नव्हती.

प्रतिसरकारचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. जी. डी. लाड हे तिचे ‘फील्ड मार्शल’, तर रामचंद्र लाड हे कॅप्टन होते. या दलाने ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे सरकारी खजिन्याची सुमारे साडेपाच लाखांची रक्कम क्रांतिकारकांच्या हाती आली. चाच्यांशी असलेला मूलभूत भेद येथेच प्रकट होतो. ही रक्कम सैनिकांत वाटून घेण्यासाठी नव्हती, चळवळीच्या कार्यासाठी होती. कॅप्टन लाड यांनी तर वृद्धापकाळीही ‘लूट’ हा शब्द मान्य केला नाही. तो पैसा मुळात जनतेचाच, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरा भेद न्यायाचा. जहाजावरील कायदा जहाजापुरता असे. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे मात्र गावोगावचे जमिनीचे, कर्जाचे व कौटुंबिक तंटे मिटवीत. दारूबंदी आणि अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ हेही त्याच कार्यक्रमाचे भाग होते. दरोडेखोर व पोलिसांचे खबरे यांना कठोर शासन होई. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. या व्यवस्थेस लोकांची संमती लाभली, हे खरे. परंतु शिक्षा झालेल्यास वर दाद मागण्याची सोय नसेल, तर संमती व धाक यांची सीमा अस्पष्टच राहते, हेही विसरता येत नाही.

दोहोंचा शेवटही उद्बोधक आहे. १७२२ मध्ये रॉबर्ट्स झुंजीत पडला आणि त्याच्या ५२ साथीदारांना फाशी झाली. प्रतिसरकारचे काम १९४६ मध्ये, प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर, थांबले. आपल्या हाती आलेली सत्ता वेळीच खाली ठेवता येणे, ही कायद्याबाहेरील शासनाची सर्वांत अवघड कसोटी होय. तिला कुंडल उतरले.