सेल्फ-टेप : घरगुती प्रकाशयोजना

सेल्फ-टेप म्हणजे नटाने किंवा नटीने घरीच, बहुधा फोनवर, चित्रित करून पाठवलेली ऑडिशन. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची अनेक कार्यालये आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या रांगा थांबल्या, टेप पाठवण्याची रीत पडली आणि ती टिकली. त्यामुळे लाइटदादांचे काम आता कलावंताच्या अंगावर आले आहे.

या कामाचा उत्तम धडा अंधेरीतच घडला. ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) शीशमहाल मोहन स्टुडिओत उभारला होता. हजारो आरशांवरून दिवे कॅमेऱ्यात परावर्तित होत. अखेर आरशांवर मेणाचा पातळ थर चढवला गेला आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी कापडाच्या पट्ट्यांवरून उडवलेला, मऊ झालेला प्रकाश वापरला. दिवा थेट न मारता आधी पांढऱ्या पृष्ठावर टाकायचा, याला ‘बाउन्स’ म्हणतात. लहान खोलीत याहून उपयोगी युक्ती नाही.

वन रूम किचनमध्ये पहिले काम ट्यूबलाइट बंद करण्याचे. डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाने कपाळ चमकते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो; डोळे दिसेनात तर अभिनय पोहोचत नाही. मग खिडकीकडे तोंड करून, थोडे तिरके बसावे. बोरिवली-मुलुंडच्या जुन्या इमारतींत खिडकीला बॉक्स ग्रिल असते. ऊन थेट आले की गजांच्या सावल्या गालावर उमटतात. खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरी सुती साडी ताणली की ते कापडच प्रकाशाचा उगम होते. उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. दुसऱ्या गालाशी थर्माकोलचा पत्रा धरावा. पावसाळ्यात समोरच्या इमारतीवर निळी ताडपत्री असली तर तिची झाक चेहऱ्याच्या एकाच बाजूला चढते. ती व्हाइट बॅलन्सने निघत नाही. अशा वेळी पडदा ओढून दिव्यावरच काम करावे.

दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून दिवा चेहऱ्याजवळ आणि माणूस भिंतीपासून चार फूट पुढे असावा. मागची भिंत आपोआप मंद होते आणि तिच्यावर सावली ठळक पडत नाही. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे फोन उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. त्यावर जादा दिवा हा उपाय नव्हे: पार्श्वभूमी राखाडी घ्यावी आणि चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे. चष्म्यात दिवा दिसला तर तो प्रतिबिंब जाईपर्यंत वर उचलावा.

रिंग लाइट मेकअपच्या व्हिडिओला ठीक आहे. अभिनयाला तो घातक, कारण चेहऱ्याची घडण सपाट होते आणि बुबुळात पांढरे कडे दिसते.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि चित्रात पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास ते जातात. खिडकीचा उजेड सुमारे ५६०० केल्विन, पिवळा बल्ब ३००० च्या आसपास. दोन्ही एकत्र लावू नयेत.

टेप पाठवण्याआधी फोनचा ब्राइटनेस निम्मा करून पाहावी. डोळे तेव्हाही स्पष्ट दिसत असतील तर प्रकाश पुरेसा आहे.